हयातीचा दाखला, न्यूयॉर्कहून

नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनरांचं एक काम ठरलेलं असतं. बँकेत जायचं, यंत्रावर बोट टेकवायचं किंवा फोनसमोर चेहरा धरायचा आणि आपण हयात आहोत याची नोंद करून यायची. दाखला वेळेत गेला नाही तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. भुसावळला असताना मला या कामाची कधी चिंता वाटली नाही. उलट त्या दिवसांत बँकेच्या ओट्यावर जुने सोबती भेटतात. कोणाचा गुडघा बदलला, कोणाच्या नातीचं लग्न ठरलं, कोण गेला, सगळं तिथेच कळतं. रेल्वेचं गाव आहे. रनिंगचा, म्हणजे गाडीवर काम करणारा, माणूस निवृत्त झाला तरी दुसऱ्या रनिंगच्या माणसाला शोधत असतो.

२०२५च्या नोव्हेंबरात मात्र मी आणि सौ. न्यू जर्सीत होतो, लेकीकडे. निघण्याआधी मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर विचारून ठेवलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, फोनवर झालं तर ठीकच, पण तिकडच्या आपल्या वकिलातीचा सही-शिक्क्याचा कागद पाठवा. त्यावर कोणी शंका काढत नाही." नियमही तसाच आहे. परदेशातल्या पेन्शनरच्या दाखल्यावर तिथल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्याची, नोटरीची, मॅजिस्ट्रेटची किंवा बँकेच्या अधिकाऱ्याची सही चालते. आपण नेमलेल्या माणसानं तो कागद शाखेत दिला की स्वतः हजर राहावं लागत नाही. मी पुतण्याच्या नावानं अधिकारपत्र करून ठेवलं, फॉर्मच्या कोऱ्या प्रती घेतल्या, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स पासपोर्टच्या पाकिटातच ठेवली. जाणाऱ्यांनी हे इथूनच करून निघावं. तिकडे गेल्यावर एकेका कागदासाठी घरच्यांना कपाटं उपसायला लावावी लागतात.

थोडं माझ्याबद्दल. मी रेल्वेत गार्ड होतो. शेवटची वर्षं मेल-एक्सप्रेसवर गेली, पण उमेदीचा सगळा काळ मालगाडीवर, भुसावळहून खंडव्याकडे आणि बडनेऱ्याकडे. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. वडील लोको शेडला होते. गाव चोपडा तालुक्यात, तिथली शेती धाकटा भाऊ बघतो. थोडी केळी, बाकी कापूस.

व्हिसाचं काम लांबलचक आहे, अवघड नाही. डीएस-१६० हा फॉर्म लेकीनं तिकडून भरला. तेव्हा माणशी १८५ डॉलर फी होती. मुंबईत दोन टप्पे: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन वकिलातीत मुलाखत. मुलाखत मराठीत देता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि लोक उगाच इंग्रजीची घोकंपट्टी करतात. आमच्या सौ.नं सगळी उत्तरं मराठीत दिली. मला विचारलं, किती दिवस राहणार, परत कधी येणार. मी सांगितलं, पेन्शन भुसावळला आहे, शेत चोपड्याला आहे, नातीला भेटून परत येणार. तेवढ्यावर काम झालं.

जुलैत निघालो. १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं होतं, विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसं गेली. त्या बातम्यांनंतर सौ. विमानाचं नाव काढू देत नव्हती. तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मी तिला आकडेवारी सांगत बसलो नाही. तिचा हात धरून बसलो आणि गेलो. पाकिस्ताननं एप्रिलपासून आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली होती, त्यामुळे वळसा घालून जावं लागत होतं. उतरल्यावर अधिकाऱ्यानं सहा महिन्यांचा मुक्काम दिला. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथे ठरतं आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती तारीख मी डायरीत लाल शाईनं लिहिली.

लेकीचं घर एडिसनला आहे. आपली माणसं इतकी की ओक ट्री रोडवर मेथीची जुडी, ज्वारीचं पीठ, लोणच्याचा मसाला सगळं मिळतं. फक्त भरिताची हिरवी वांगी मिळत नाहीत. जांभळी, चकचकीत वांगी मिळतात, ती भाजली की पाणी सुटतं. पण जेवणाखाणाची अडचण होत नाही. माझ्या वयाच्या माणसाला तिथे जाचतं ते वेगळंच. प्रत्येक ठिकाणी आपल्याला कोणीतरी न्यावं लागतं. दुधाची पिशवी आणायची तर गाडी, दवाखाना गाडीनं, देऊळही गाडीनं. लेक आणि जावई कामावर गेले, नात शाळेत गेली की घर आणि आम्ही दोघं. भुसावळात रात्री दोन वाजता माणूस घराबाहेर पडला तरी स्टेशनवर चहा मिळतो आणि कुठे ना कुठे जाणारी गाडी मिळते. तिथे मी कडी लावून खिडकीशी बसलेला. सौ.चं तसं नव्हतं. तिचा दिवस स्वयंपाकात, नातीच्या वेण्यांत आणि शेजारच्या गुजराती बेनशी गप्पांत जायचा. पुरुषमाणसाला असं घरात जिरवून घेणं जड जातं, हे मी तिथे आलेल्या बहुतेक आजोबांच्या तोंडून ऐकलं.

माझी सुटका केली ती रेल्वेनं. एडिसन स्टेशन घरापासून चालत जाण्यासारखं होतं. पहिल्यांदा नुसतं बघायला गेलो. चार रूळ, वर तारा, ट्रेंटन ते न्यूयॉर्क ही लाईन. प्लॅटफॉर्मवर बाकावर बसलो आणि किती तरी आठवड्यांनी छाती मोकळी झाली. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीत ६२ वर्षांवरच्या कोणालाही निम्म्याच्या आसपास भाडं पडतं. वयाचा पुरावा म्हणून मी भारताचा पासपोर्ट दाखवला, तो चालला. तुम्ही कुठल्या देशाचे असं कोणी विचारलं नाही. आपल्याकडे रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, पुरुषांना ४० टक्के होती आणि महिलांना ५० टक्के. करोना गेला, गाड्या भरून धावू लागल्या, सवलत परत आली नाही. मला स्वतःला निवृत्तीचे पास मिळतात, माझं अडत नाही. पण पेन्शन नसलेला म्हातारा शेतकरी मुंबईला टाटाच्या दवाखान्यात तपासणीला जातो तेव्हा त्याच्याकडून पूर्ण भाडं घेणं मला बरोबर वाटत नाही. एसटीनं ७५च्या पुढे मोफत आणि ६५ ते ७५ अर्धं तिकीट ठेवलं, ते रेल्वेला का जमू नये?

गाडीतला कंडक्टर तिकीट बघून एक कागदाची चिठ्ठी चिमट्यानं टोचतो आणि आसनाच्या पाठीला खोचून ठेवतो. म्हणजे कोण कुठे उतरणार हे त्याला पुन्हा विचारावं लागत नाही. स्टेशन आलं की दार उघडून बाहेर डोकावतो, दोन्ही बाजू बघतो, मग इंजिनाकडे इशारा देतो. ते बघताना माझा हात आपोआप झेंडीच्या जागी जात होता. एका कंडक्टरला मी सांगितलं की मी भारतात गार्ड होतो. त्यानं लगेच हात पुढे केला. मग त्यानं मे महिन्यातल्या संपाची हकिगत सांगितली. तिथल्या साडेचारशेच्या आसपास इंजिन चालकांनी पगारासाठी १६ मेपासून तीन दिवस गाड्या थांबवल्या होत्या, १९८३ नंतरचा पहिला संप. तोडगा निघाला, चालक कामावर आले, कोणाला घरातून बाहेर काढलं गेलं नाही. मी त्याला १९७४ सांगितलं. मे महिन्यातला आपला तो रेल्वेचा संप, कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस अटकेत, हजारो कामगार तुरुंगात. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. वडील घरी झोपत नव्हते, आणि क्वार्टर खाली करायला लावतील म्हणून आईनं भांडी पोत्यात बांधून ठेवली होती. तो माणूस माझं इंग्रजी लक्ष देऊन ऐकत होता. मेटाचनला दार उघडायला उठला, काम करून परत आला आणि म्हणाला, पुढचं सांगा.

दुसरी गोष्ट मालगाड्यांची. जवळून मालाची एक लाईन जाते, तिथल्या फाटकाशी मी तासन्‌तास थांबलो आहे. एकावर एक ठेवलेले कंटेनर, दोन-अडीच किलोमीटर लांबीची गाडी, पुढे चालक आणि एक सहकारी. मागे कोणी नाही. शेवटच्या वॅगनच्या कप्लिंगला एक डबी बसवलेली असते. ती लाल लुकलुकते आणि ब्रेकचा दाब इंजिनात कळवते. १९८०च्या दशकात तिथे गार्डाचा डबा गेला. आमच्याकडे ब्रेकव्हॅनमध्ये माणूस असतो. गाडी स्टेशनातून पास होताना स्टेशन मास्तर शेवटचा एलव्ही (लास्ट व्हेईकल) बोर्ड बघतो, तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मधे तुटली नाही. थंडीत निंभोऱ्याच्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उन्हाळ्यात नांदुऱ्याच्या लूपला मी किती वेळ त्या डब्यात बसून काढला आहे. ना पंखा, ना संडास, वर पाण्याची बाटली तापलेली. त्या कष्टाची मला हौस नाही, नव्या पोरांना चांगला डबा मिळालाच पाहिजे. पण गाडी ओलांडून गेल्यावर मागच्या माणसाचा हिरवा कंदील दिसत नाही, हे मला पाहवत नाही. आपल्याकडेही ती डबी बसवून गाड्या चालवायच्या प्रयोगांची चर्चा सुरूच असते. ती बसवा, पण गार्डांच्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय करणार हे आधी सांगा.

तिथली सवारी गाडी मात्र मालगाडीमुळे अडते. न्यूयॉर्क-वॉशिंग्टनची लाईन सोडली तर देशभरातले बहुतेक रूळ मालवाहू कंपन्यांचे आहेत आणि अॅमट्रॅक या तिथल्या सरकारी सवारी रेल्वेची गाडी त्यांच्या रुळांवर पाहुणी. म्हणून लांबच्या गाड्या तासन्‌तास उशिरा. आमच्याकडे उलटं, राजधानी यायची म्हटलं की मालगाडी लूपला.

हे असं चालू असतानाच ऑगस्टात बातम्यांनी घर भरून गेलं.

ट्रम्प सरकारनं भारतीय मालावर आधी २५ टक्के कर लावला होता. रशियाकडून तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के, तो २७ ऑगस्टपासून. मी कॅलेंडर बघितलं तर त्या दिवशी गणेश चतुर्थी. आमच्या भागात गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. ठिबकवर मे महिन्यात लावलेल्या कापसाची पहिली बोंडं तेव्हा फुटलेली असतात. व्यापारी काट्याला हार घालतो, नारळ फुटतं, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं देतात आणि मानाचा चढा भाव बोलतात. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. म्हणाला, "नाना, मुहूर्त झाया, पन आठे कापूसले कोनी इचारस नही. तठे तुमना ट्रम्प काय करी ऱ्हायना?"

त्याला अमेरिकेतला कर समजावून सांगणं सोपं होतं. दिल्लीतला निर्णय सांगणं अवघड गेलं. कापसाच्या आयातीवर आपल्याकडे ११ टक्के शुल्क होतं. केंद्र सरकारनं ते १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कारण असं की आपल्या कापड आणि तयार कपड्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका, तिथे माल महाग झाला, तर गिरण्यांना निदान कच्चा माल स्वस्त मिळावा. गिरण्यांचं दुखणं खरं आहे, तिथेही लाखो माणसांचं पोट आहे. पण ३१ डिसेंबर म्हणजे खान्देशातला कापूस घरात येऊन विकायचा नेमका काळ. गिरणीला मदत करायची होती तर तिजोरीतून करायची, शेतकऱ्याच्या भावातून नव्हे. हे मी तिथे बसून ज्याला-त्याला सांगितलं, आणि आजही माझं मत तेच आहे.

त्याच सुमारास लेकीबरोबर दुकानात गेलो होतो. टॉवेलांच्या मांडणीशी उभा राहून एक हातात घेतला. जाड, मऊ, पांढरा. कडेची पट्टी उलटली, त्यावर मेड इन इंडिया. किंमत बारा डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या वर. मी तिथेच हिशेब मांडला. टॉवेल साधारण अर्धा किलोचा. कापसातून तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे त्या टॉवेलात दीड किलो कापूस. भावाला व्यापारी क्विंटलला साडेसहा हजार सांगत होता, म्हणजे दीड किलोचे शंभर रुपयेही नाहीत. वेचणीची मजुरी त्यातूनच. लेक म्हणाली, "पप्पा, घ्यायचा का?" मी घेतला. तो टॉवेल मी भावाला दाखवायला आणणार होतो.

अमेरिकेत काही घडलं की खान्देशातल्या कापसाला ते लागतं, हे नवं नाही. तिथलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, दक्षिणेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांनी खान्देश-वऱ्हाडाकडे धाव घेतली. कापसाला सोन्याचं मोल आलं. त्याच दशकात जीआयपी ही इंग्रजांच्या काळातली रेल्वे खान्देशातून पुढे सरकली, भुसावळ जंक्शन झालं, १८६७ला लाईन नागपूरला पोचली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज काढलेले शेतकरी सावकाराच्या दारात गेले. ज्या लाईनवर मी आयुष्य काढलं तिच्या पोटात ते युद्ध आहे. त्याच युद्धातली गेटिसबर्गची रणभूमी जावयांनी मला गाडीनं नेऊन दाखवली. तिथल्या तोफांपाशी लोक फोटो काढत होते आणि मी जावयांना कापसाच्या गाठींचं सांगत होतो. जावई मला मामा म्हणतात. ते म्हणाले, "मामा, हे आम्हाला शाळेत कोणी असं जोडून सांगितलंच नाही."

सप्टेंबरात झळ त्यांच्याच घरापर्यंत आली. १९ तारखेला शुक्रवारी संध्याकाळी बातमी आली की एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर भरावे लागणार, रविवारपासून. जावई त्याच व्हिसावर आहेत. पितृपक्षाचे दिवस होते. त्यांच्या ऑफिसातला एक मुलगा वडिलांच्या श्राद्धाला पुण्याला गेला होता, त्याला कंपनीचा निरोप गेला की रविवारच्या आत परत ये. त्यानं पानं वाढलेली असताना तिकीट काढलं. आमच्याकडे रात्रभर दिवा होता. लेक आणि जावई हळू आवाजात बोलत होते, नातीची शाळा, घराचे हप्ते. सौ. मला म्हणाली, "इथे एवढं सगळं उभं केलं, आणि एका कागदावर?" शनिवारी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना, एकदाच, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. घरानं श्वास सोडला. पण त्या रात्रीनंतर मी पोरांच्या तिकडच्या राहण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. गावात आम्ही सहज बोलतो, अमेरिकेत आहे, मजेत आहे. ती मजा दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं मंजूर करून घ्यावी लागते.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून तिथलं केंद्र सरकार बंद पडलं. अर्थसंकल्पावर एकमत नाही म्हणून पगार थांबले. ते १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस चाललं, तोवरच्या तिथल्या इतिहासातलं सगळ्यांत लांब. विमानांचे नियंत्रक बिनपगारी कामावर. ७ नोव्हेंबरपासून चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी केली, त्यात आमच्या जवळचं नेवार्कही होतं. आमच्याकडचा सेक्शन कंट्रोलर मी ओळखतो. एका टेबलावर बसून पंचवीस गाड्या डोक्यात धरणारा माणूस. त्याला महिनाभर पगार दिला नाही तर तो गाडी सोडताना काय विचार करेल? मला त्या नियंत्रकांबद्दल फार वाटलं.

याच दिवसांत मी दाखल्यासाठी निघालो. भारताची वकिलात न्यूयॉर्कला, मॅनहॅटनमध्ये ६४व्या रस्त्यावर, फिफ्थ अॅव्हेन्यूला लागून आहे. लेक रजा काढून येते म्हणाली. मी नको म्हटलं. हे माझं काम होतं आणि मला ते माझ्या पायांनी करायचं होतं. तिनं फोनवर नकाशा लावून दिला, सौ.नं पोळी-भाजीचा डबा दिला.

सकाळची गाडी पकडली. नेवार्क सोडल्यावर हॅकनसॅक नदीवर १९१० सालचा जुना पूल आला, बोटींसाठी फिरणारा. तो कधी कधी फिरून परत बसायचा नाही आणि सगळी लाईन अडायची. शेजारी नव्या पुलाचं काम दिसत होतं. मग हडसन नदीखालचे बोगदे, तेही १९१० चेच, दोन नळ्या, जायला एक आणि यायला एक. २०१२च्या सँडी वादळात त्यात खारं पाणी शिरलं आणि अजून ते भिंती पोखरतं आहे. नव्या बोगद्याचं काम चालू झालं होतं, पण सरकार बंद पडलं त्याच दिवशी त्याचा केंद्राचा निधी गोठवल्याची घोषणा झाली. एवढ्या श्रीमंत देशात रोजची लाखो माणसं शंभर वर्षांच्या दोन नळ्यांवर आणि राजकारणाच्या मर्जीवर, हे रेल्वेच्या माणसाला बघवत नाही.

पेन स्टेशनला उतरलो. तिथे परतीच्या गाडीचा प्लॅटफॉर्म गाडी सुटायच्या थोडा आधी फलकावर लागतो आणि सगळी गर्दी एकदम जिन्याकडे धावते. म्हाताऱ्यांनी कडेला थांबावं, दोन मिनिटांनी जावं, गाडी मिळते. तिथून चालत हेराल्ड स्क्वेअर, मग भुयारी रेल्वे. कार्ड टेकवलं, २ डॉलर ९० सेंट. डब्यात नव्या महापौरांचं बोलणं चाललं होतं. ४ तारखेला झोहरान ममदानी निवडून आले होते, त्यांनी बस मोफत करण्याचं वचन दिलं होतं. एक बाई म्हणत होत्या, पैसे कुठून आणणार. दुसरी म्हणत होती, माझे रोजचे तेवढे वाचतील. वाद चालला होता, आवाज कोणी चढवत नव्हतं. मी ५९व्या रस्त्याला उतरलो आणि सेंट्रल पार्कच्या कडेनं वर चालत गेलो. पानगळ संपत आली होती, हवा बोचरी होती, पण पायांना रस्ता होता. घरी इतके आठवडे नसलेला तो पदपथ तिथे मिळाला.

वकिलातीत आमच्यासारखे बरेच होते. एक निवृत्त सुभेदार साताऱ्याकडचे, पाठ अजून सरळ. एक केरळच्या नर्सबाई. एक जोडपं पंजाबचं. सुभेदारांचे कागद वेगळे, लष्कराची पेन्शन वेगळ्या खात्यातून येते, पण प्रश्न तोच. आम्ही बाकावर बसून डबा वाटून खाल्ला. ते म्हणाले, "मुलगा म्हणतो कायमचे या. मी म्हणतो, माझी पेन्शन, माझी माती, माझी ग्रामपंचायत तिकडे." त्यांचं हे म्हणणं मला पटलं.

माझा नंबर आला. अधिकारी तरुण होता. त्यानं पासपोर्टातला फोटो बघितला, चष्मा काढायला सांगितलं, चेहरा ताडून पाहिला. पीपीओचा नंबर फॉर्मशी जुळवला. सही त्याच्यासमोर करायला लावली, तीच जी बँकेत आहे. मग स्वतःची सही, तारीख, गोल शिक्का. म्हणाला, "रेल्वे? कुठलं डिव्हिजन?" मी म्हटलं, "भुसावळ." तो म्हणाला, "लहानपणी दिल्लीला जाताना तिथे केळी घ्यायचो." रांग मागे होती, जास्त बोलता आलं नाही.

परत येऊन त्याच रात्री कागदाचा फोटो पुतण्याला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी मूळ कागद कुरिअरनं. महिना संपायच्या आत पुतण्यानं तो शाखेत दिला, पोच घेतली, पोचेचा फोटो मला आला. शेवटच्या तारखेला पेन्शन जमा झाली. पुढच्या महिन्याची चिंता मिटली. सुभेदारांचा नंबर घेतला होता, त्यांनाही फोन करून विचारलं, त्यांचंही झालं होतं.

२ डिसेंबरला भुसावळच्या नगरपालिकेचं मतदान होतं, ते मात्र चुकलं. मत पोस्टानं पाठवायची सोय माझ्यासारख्याला नाही. गल्लीतली गटार आणि दहा-दहा दिवसांनी येणारं नळाचं पाणी हे प्रश्न माझे आहेत आणि त्या दिवशी मी एडिसनला बर्फ बघत होतो, याची मला खंत वाटली.

भावाचा कापूस अजून घरात होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत खालची बोंडं सडली, वरचा कापूस ओला वेचला गेला. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, त्या हंगामातला हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये होता, पण त्यासाठी अॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पिकाची नोंद आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. नोंदणी पुतण्यानं करून ठेवली होती. ओलावा जास्त निघाला. मी फोनवर म्हटलं, ओट्यावर ऊन दे, घाई करू नको. तो म्हणाला, हरभऱ्याचं बियाणं आणि खतं उधार आणली आहेत, दुकानदार थांबत नाही. शेवटी ठरलं ते असं: उधारीपुरता कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, द्यायचा, उरलेला वाळवून सीसीआयच्या केंद्रावर न्यायचा. त्यासाठी नंबर लागेल तेव्हा मी घरी आलेलो असणार होतो, आणि काट्यापाशी त्याच्याबरोबर मी स्वतः उभा राहणार होतो.